कोणाला काय ठाऊक होतं आणि केव्हा: खोटं, गुपित आणि हाव यांचा माग काढत वाचण्याची रीत

मी हिशेब तपासनीस. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या आणि उरलेल्या वेळात गोष्टी, नाटकं, कादंबऱ्या वाचल्या. आमच्या वाचनगटात नवीन माणूस आला की हमखास एक प्रश्न विचारतो, ‘हे पात्र खोटं का बोललं?’ मी त्याला सांगतो, ‘का’ थोडा वेळ बाजूला ठेवा. आधी बघा, या खोट्याचा खर्च कोणी भरला. खोटं बोलणं वाईट हे कोणाला शिकवावं लागत नाही. नुकसान एका माणसाकडून दुसऱ्याकडे सरकतं कसं, हे मात्र पुष्कळ वाचलेल्यांच्याही नजरेतून निसटतं. आणि जे गोष्टीत दिसत नाही ते घरात, नोकरीत, भावाबहिणींच्या व्यवहारात तरी कसं दिसावं? ज्याला आपल्या डोळ्यांनी ते बघायचं आहे, त्याच्यासाठी माझी रीत लिहितो.

तक्ता आखा

कोरा कागद घ्या. डावीकडे पात्रांची नावं, वर गोष्टीतल्या मुख्य घटना. प्रत्येक चौकोनात एवढंच लिहायचं, की त्या घटनेच्या वेळी त्या माणसाला काय ठाऊक होतं. तुम्हाला वाचक म्हणून काय ठाऊक आहे ते लिहू नका. सगळ्यांची गल्लत इथेच होते.

कर्णापासून सुरुवात करा, कारण ती कथा बहुतेकांना तोंडपाठ असते. वर लिहा: शस्त्रविद्येचं प्रदर्शन, कृष्णाची भेट, कुंतीची भेट, युद्ध, तर्पण. कुंतीची ओळ पहिल्यापासून भरलेली. प्रदर्शनात कर्ण आणि अर्जुन समोरासमोर उभे राहतात तेव्हा ती मूर्च्छित होते, शुद्धीवर येते आणि गप्प राहते. कर्णाला त्याचं जन्मरहस्य कळतं ते शिष्टाई फसल्यावर, कृष्णाकडून. मग कुंती स्वतः त्याला भेटते. अर्जुन आणि युधिष्ठिर यांच्या ओळी भरायला घ्या. प्रदर्शन, रिकामं. भेटी, रिकाम्या. युद्ध, रिकामं. तर्पणाच्या वेळी, म्हणजे सगळं संपल्यावर, आई सांगते की कर्णालाही पाणी द्या, तो तुमचा थोरला भाऊ.

ते रिकामे चौकोन नीट बघा. बाण सोडणाऱ्याला कोणावर सोडतोय हे ठाऊक नव्हतं. गुपितामुळे कोणाला वाईट वाटलं, हा फार छोटा प्रश्न आहे. कोणी कोणता निर्णय अंधारात घेतला, हे विचारा. युधिष्ठिराने युद्धाचा निर्णय घेतला तो अर्ध्या माहितीवर. पुढे त्याचा शोक आवरत नाही, आणि स्त्रियांच्या पोटात गुपित राहणार नाही असा शाप तो देऊन बसतो. एका बाईच्या मौनाचा दंड त्याने सगळ्या बायकांना ठोठावला. मला हे नेहमीच अन्यायाचं वाटत आलं आहे, कारण ती गप्प राहिली ती कुमारी मातेला जग जगू देत नाही म्हणून. त्या जगाची ओळ तक्त्यात कोणी घालत नाही. तुम्ही घाला.

आणखी एक बारकावा. कृष्णाने सत्य सांगितल्यावर कर्ण त्याला विनवतो, की हे युधिष्ठिराला कळू देऊ नकोस. कळलं तर तो राज्य माझ्या हाती देईल आणि मी ते दुर्योधनाला देईन. म्हणजे आईने लाजेपोटी जपलेलं गुपित मुलगा निष्ठेपोटी जपतो. गुपित तेच, पण ठेवणाऱ्याचं कारण बदललं. तक्त्यात अशा जागी खूण करा. गुपित दुसऱ्याच्या हाती गेलं की पहिल्याला ते फोडायचं म्हटलं तरी एकट्याच्या अखत्यारीत राहत नाही.

खोट्याची देखभाल मोजा

आता वहीकडे येतो. वसुली करणारा कारकून एका खातेदाराची रक्कम खिशात घालतो. आठवड्याने दुसरा पैसे भरतो, ते पहिल्याच्या नावावर चढतात. तिसऱ्याचे दुसऱ्याच्या नावावर. चोरी एकदाच झालेली असते, पण ती झाकायचं काम रोजचं. मी अशी एक वही पाहिली आहे. पावतीपुस्तकातल्या कार्बन प्रतीवर तारीख 4, रोजकीर्दीत नोंद 11 तारखेची. एखाद्या ओळीत असं झालं तर नजरचूक म्हणता येईल. पण पानभर तेवढंच अंतर दिसलं की पेन खाली ठेवायचं आणि मागची पानं काढायची. तो माणूस कामाला वाघ, सगळ्यांच्या आधी हजर, आणि रजा कधी घ्यायचा नाही. घेणार कशी? त्याच्या जागेवर दुसरा बसला असता तर पहिल्याच दिवशी पावती आणि कीर्द जुळली नसती. म्हणूनच अनेक बँकांत नाजूक जागांवरच्या माणसांना सलग रजा सक्तीची असते. लोकांना वाटतं ती सवलत आहे.

हीच नजर घेऊन नॉर्वेच्या इब्सेनचं 1879 सालचं ‘अ डॉल्स हाउस’ हे नाटक वाचा. नवऱ्याचा जीव वाचवायला नोरा कर्ज काढते आणि जामीन म्हणून वडिलांची सही स्वतःच करते. वडील वारले 29 सप्टेंबरला, सहीखाली तारीख 2 ऑक्टोबर. तपासनीसाला याहून जास्त काय लागतं! पण मूळ खोट्यापेक्षा त्याची देखभाल बघा. हप्ते फेडायला ती नाताळाआधी रात्र रात्र दार लावून मजकूर उतरवून द्यायचं काम करते आणि घरच्यांना सांगते, नाताळच्या झाडासाठी फुलं बनवतेय. फुलं कुठे आहेत असं कोणी विचारेल, म्हणून सांगते, ती मांजराने फाडली. एका सहीमागे दुसरं काम, तिसरी फुलं, चौथं मांजर. शेवटी तिचं सगळं आयुष्य एका पत्रपेटीभोवती घुटमळतं, जिची किल्ली नवऱ्याकडे आहे.

वाचताना समासात लिहा: हे खोटं टिकवायला आज काय करावं लागलं? किती झोप, किती पैसा, कोणती मैत्री? मोपासाँच्या 1884 मधल्या ‘हार’ या कथेत हा हिशेब अक्षरशः आकड्यांत आहे. मातिल्द लोआझेल मैत्रिणीचा हार मागून नेते आणि हरवते. ते जोडपं मैत्रिणीला काही सांगत नाही, तसाच दुसरा हार 36,000 फ्रँकला घेऊन परत करतं आणि दहा वर्षं कर्ज फेडतं. मग कळतं, मूळचा हार नकली होता, फार तर 500 फ्रँकचा. बहुतेक वाचक शेवटच्या ओळीला चमकतात आणि नशिबाला बोल लावतात. मला मात्र तो प्रसंग पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो जिथे मातिल्द डबी परत करते आणि मैत्रीण ती उघडूनही बघत नाही. ‘हरवला’ एवढा एक शब्द तिथे तोंडातून निघाला असता, तर दहा वर्षं वाचली असती. तोही महाग पडला असता, पण एकदाच.

हाव: आकडा कुठे सरकला

हाव शोधताना माणसाच्या स्वभावाकडे बघू नका, आकड्याकडे बघा. सुरुवातीला त्याला किती हवं होतं? ते मिळालं का? मिळाल्यावर नवा आकडा कोणत्या पानावर आला? टॉलस्टॉयच्या 1886 सालच्या ‘माणसाला किती जमीन लागते’ या कथेत पाहोम नावाच्या शेतकऱ्याला सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत पायी वेढता येईल तेवढी जमीन मिळणार आहे. अट एकच, मावळतीच्या आत निघाला तिथे परत पोचायचं. पाहोम वेडा नाही. कुठे वळायचं हे त्याला कळतं, तो वळणारही असतो, तेवढ्यात एक ओलसर सखल तुकडा दिसतो. इथे जवस छान येईल, सोडवत नाही. हाव अशीच येते, शहाणपणाच्या वेषात, एकेका तुकड्याने. प्रत्येक तुकड्याला चांगलं कारण असतं. तो वेळेत पोचतो आणि तिथेच कोसळतो. कथेतलं प्रत्येक ‘एवढं एकच’ अधोरेखित करा.

हाव आणि खोटं हातात हात घालून आले की तक्ता आणि आकडा दोन्ही लागतात. आर्थर मिलरच्या 1947 मधल्या ‘ऑल माय सन्स’ मध्ये जो केलर तडे गेलेले विमानाचे सुटे भाग धंदा बुडू नये म्हणून पाठवायला लावतो, त्या दिवशी आजारपणाचं निमित्त करून कारखान्यात जात नाही, आणि तुरुंगात जातो त्याचा भागीदार. 21 वैमानिक मरतात. केलरचं समर्थन एकच, मी हे कुटुंबासाठी केलं. हे वाक्य कोणत्याही पात्राच्या तोंडी आलं की थांबा आणि त्याच कुटुंबाच्या ओळी भरा. त्याचा एक मुलगा वडिलांचं कृत्य कळल्यावर जीव देतो. ज्यांच्या नावावर हाव केली जाते त्यांना विचारलेलं नसतं, आणि पहिलं बिल त्यांच्याच दारात येतं.

प्रत्यक्षातली प्रकरणंही याच रीतीने वाचता येतात. चार्ल्स पाँझीने 1920 मध्ये बॉस्टनला 45 दिवसांत 50 टक्के नफ्याचं आश्वासन गुंतवणूकदारांना दिलं आणि जुन्यांचा नफा नव्यांच्या पैशातून दिला. कारकुनाचीच वही, फक्त जाडजूड. अशीच योजना चालवणारा अमेरिकेतला बर्नार्ड मॅडॉफ 2008 च्या डिसेंबरात पकडला गेला आणि पुढच्या वर्षी त्याला 150 वर्षांची शिक्षा झाली. त्याने दाखवलेला परतावा फार मोठा नव्हता. तो संशयास्पद होता कारण बाजार वर जावो की खाली, तो जवळजवळ सपाट राहायचा. हॅरी मार्कोपोलोस नावाच्या विश्लेषकाने नियामकांना 2000 पासून वारंवार लिहून कळवलं होतं. इथे तक्त्यात एक वेगळा रकाना करा: ठाऊक होऊ शकत होतं, पण बघितलं नाही. गुंतवणूकदारांच्या हावेला दोष देऊन आपण मोकळे होतो. त्यातल्या कित्येकांना जास्तीचं काही नको होतं, हवी होती ती निश्चिंती.

प्रत्येक गुपित गुन्हेगार नसतं

हे सांगितलं नाही तर ही रीत घातक ठरेल. एखाद्याचा आजार, जुना घाव, कोणावर जीव आहे, हे त्याचं त्याच्याजवळ. कसोटी सोपी आहे: या माहितीवाचून दुसरा कोणी आपल्या आयुष्याचा निर्णय चुकीचा घेतोय का? घेत नसेल तर ते खासगी आहे, सोडून द्या.

आणि सत्य सांगणाऱ्याचीही ओळ भरा. इब्सेनच्याच 1884 च्या ‘द वाइल्ड डक’ मध्ये ग्रेगर्स नावाचा माणूस मित्राच्या संसारातलं जुनं गुपित उघडं करतो, तत्त्वासाठी. त्याचं काही जात नाही. जीव जातो तो हेडविग या लहान मुलीचा. मी गटात हे नाटक नेहमी सगळ्यात शेवटी घेतो, कारण तोवर सगळे सत्याच्या बाजूने तावातावाने बोलायला लागलेले असतात. सत्य कोणाला, केव्हा, कोणासमोर सांगितलं आणि सांगून झाल्यावर सांगणारा तिथे थांबला का, हे बघा.

आपल्याच घरी

हाच कागद स्वतःसाठी वापरायचा असेल तर तो कोणाला दाखवू नका. तुमच्याकडचं खोटं वर लिहा, खाली ज्यांचे निर्णय त्यावर उभे आहेत त्यांची नावं. सर्वांत मोठा निर्णय ज्याचा अडलाय, त्याला आधी सांगा. ज्याच्याशी बोलणं सोपं जातं त्याला नव्हे. सांगाल ते एका बैठकीत, सगळं. हप्त्याहप्त्याने सांगू नका. कर्ज आहे म्हणायचं, आणि महिन्याने म्हणायचं की आणखीही आहे. दुसऱ्या वेळी समोरचा कर्जापेक्षा पहिल्या कबुलीवर जास्त चिडतो, आणि ते बरोबरच आहे. कारणं त्याच श्वासात जोडू नका, तो विचारील तेव्हा सांगा. माफीची घाई करू नका. कागदपत्रं सोबत ठेवा, कारण तुमच्या शब्दाला त्या दिवशी किंमत नसणार.

संशय तुम्हाला असेल तर आरोपाने सुरुवात करू नका. ‘तू खोटं बोलतोस’ म्हटलं की समोरचा पुढचं खोटं तयार करतो. मूळ कागद बघू दे म्हणा. खऱ्याला मूळ कागद दाखवायला त्रास होतो तो शोधण्याचा. खोट्याला राग येतो. अर्थात एकट्या रागावरून निकाल देऊ नका. काही माणसांवर इतक्यांदा खोटा आळ आलेला असतो, की कागद मागितला तरी ती पेटतात.

हावेसाठी एकच काम, पण ते आधी करायचं: पुरे म्हणजे किती, हा आकडा व्यवहारापूर्वी तारीख घालून लिहून ठेवा आणि ज्याचं नुकसान होऊ शकतं त्याच्या हाती द्या. आकडा बदलायचा झाला तर त्याच्यासमोर बदला.

तक्ता पहिल्यांदा करणार असाल तर मोपासाँची ती कथा घ्या. पात्रं तीनच, एका बैठकीत संपते. मैत्रिणीची ओळ शेवटी भरा, आणि डबी परत आली त्या दिवशीच्या चौकोनात काय लिहायचं यावर दोघांनी मिळून वाद घाला.