हिंदी प्रेम-मारधाडपट कसा बांधावा

प्रेमकथा आणि हाणामारी एकाच हिंदी पटकथेत गुंफू पाहणारा नवा लेखक बहुधा दोन याद्या करून बसतो. एकीत पाच गाणी, दुसरीत चार फाइट, आणि मग त्या एकाआड एक पेरत जातो. असा चित्रपट लागला की गाणे सुरू होताच मारधाडीसाठी आलेला प्रेक्षक उठून बाहेर जातो आणि फाइट सुरू होताच प्रेमकथेत रमलेला कंटाळतो. म्हणून पहिले पान लिहिण्यापूर्वी एका कागदावर एकच वाक्य लिहून काढावे: नायक कोणासाठी हात उचलतो, आणि हात उचलल्यामुळे त्याच व्यक्तीच्या नजरेत तो काय गमावू शकतो. या वाक्याचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा आहे. ज्या हाताने मारायचे त्याच हाताने प्रेयसीचा हात धरायचा आहे, ही अडचण खरी वाटली की प्रत्येक ठोशाला वजन येते.

‘शोले’मधील (१९७५) जय आणि राधा यांचे उपकथानक या दृष्टीने पुन्हा पुन्हा पाहण्याजोगे आहे. दोघांत संवाद जवळजवळ नाहीतच. दिवस मावळल्यावर ती हवेलीच्या सज्जातले दिवे एकेक करून मालवते आणि खाली बसलेला जय माउथ ऑर्गन वाजवतो, एवढेच घडते. छायालेखक द्वारका दिवेचा यांनी हे दृश्य सूर्यास्तानंतरच्या मोजक्या मिनिटांच्या उजेडात टिपले आणि तो उजेड रोज थोडाच वेळ मिळत असल्यामुळे त्यासाठी अनेक दिवस खर्ची पडले. पुढे पुलापाशी जय मरतो तेव्हा प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर ते दिवे असतात आणि शेवटी राधा खिडकी बंद करून घेते तेव्हा वेगळे काही सांगावे लागत नाही. आपल्या निर्मितीचे वेळापत्रक आखताना याच न्यायाने फाइटला चार दिवस देत असाल, तर दोघांच्या एका शांत दृश्यासाठी एक पूर्ण दिवस आधीच राखून ठेवावा. खर्चात काटछाट करताना निर्मात्याचा पहिला डोळा याच दिवसावर असतो, आणि तो दिवस गेला की शेवटची फाइट पोकळ वाटू लागते.

पटकथा शेवटाकडून मागे लिहीत यावे. अखेरच्या झुंजीत काय पणाला लागले आहे हे ठरले की मध्यंतराचा क्षण आपोआप सापडतो, कारण मध्यंतर म्हणजे ती गोष्ट पहिल्यांदा हातातून निसटण्याची जागा. प्रेम त्याआधी इतके तरी फुललेले हवे की ही दोघे एकत्र यावीत असे प्रेक्षकाला मनापासून वाटेल. पूर्वार्धातली पहिली फाइट लहान ठेवावी आणि तिच्यातून नायकाचा स्वभाव दाखवावा. ‘दीवार’मध्ये (१९७५) नायक गोदामाचे दार आतून बंद करतो आणि चावी समोरच्या गुंडांकडेच फेकतो. पहिला ठोसा पडण्यापूर्वीच तो माणूस आपल्याला पुरता कळलेला असतो. आपल्या फाइटसाठीही अशी एक साधी, हाताने करता येणारी कृती शोधावी.

नायिकेबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. नकार देणाऱ्या मुलीच्या मागे लागून तिला अखेर होकाराला भाग पाडणारा नायक हिंदी पडद्याने फार काळ मिरवला आणि त्याची किंमत रस्त्यावरून चालणाऱ्या मुलींनी मोजली. तिचा होकार तिच्याच एखाद्या कृतीतून यावा, आणि शेवटच्या झुंजीतही तिने निदान एक निर्णय असा घ्यावा की जो घेतला नसता तर निकाल बदलला असता. खांबाला बांधून ठेवलेली नायिका लिहायला सोपी असते, परंतु तिच्यामुळे कथेचा अर्धा भाग अखेरची वीस मिनिटे रिकामा पडून राहतो.

संवादांच्या बाबतीत मराठी लेखकाने विशेष सावध राहावे. आपण हिंदी रोज बोलतो, पण ती बहुतेक वेळा मुंबईची हिंदी असते, आणि कानपूरच्या किंवा अमृतसरच्या पात्राच्या तोंडी ती घातली की पात्र लगेच उपरे वाटते. हिंदी चित्रपटांत कथा, पटकथा आणि संवाद यांची श्रेयनामे वेगवेगळी देण्याची पद्धत आहे; तिचा लाभ घेऊन त्या भागातल्या भाषेत वाढलेल्या संवादलेखकाला सोबत घेण्यात कमीपणा नाही. प्रेमाच्या दृश्यात उर्दू शब्दांची खैरात करू नये. एखादाच शब्द योग्य जागी आला की पुरतो. मसुदा पूर्ण झाला की मुंबईतील स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे त्याची नोंदणी करावी आणि मगच तो कोणाला वाचायला द्यावा.

गाण्याच्या सिटिंगला, म्हणजे चाल ठरवण्याच्या बैठकीला, संगीतकारासमोर बसताना ‘एक रोमँटिक गाणे हवे’ एवढेच सांगून भागत नाही. गाण्याआधी दोघे कुठे आहेत आणि गाणे संपल्यावर कुठे पोहोचतील, हे सांगावे. म्हणजे दुसऱ्या अंतऱ्यानंतर परत येणारा तोच मुखडा वेगळ्या अर्थाने ऐकू येतो. चित्रीकरणाच्या दिवशी आधी ध्वनिमुद्रित केलेले गाणे सेटवर वाजवले जाते आणि कलाकार त्यावर ओठ हलवतात. संथ गतीच्या शॉटसाठी कॅमेरा सेकंदाला २४ ऐवजी ४८ फ्रेम, म्हणजे स्थिरचित्रे, टिपत असेल, तर गाणेही दुप्पट वेगाने वाजवावे लागते. त्या किनऱ्या, घाईच्या आवाजावर कलाकाराला ओठांची उघडझाप झपाट्याने करावी लागते. नंतर तेच चित्र २४ फ्रेमने दाखवले की ओठ मूळ गाण्याशी जुळतात आणि केस मात्र हळुवार उडत राहतात. पावसाच्या गाण्यात दिवा पाण्याच्या मागे, म्हणजे कॅमेऱ्याकडे तोंड करून लावावा. समोरून उजेड टाकला तर टँकरभर पाणी ओतूनही धारा दिसत नाहीत, कलाकार फक्त भिजलेले दिसतात.

आता हाणामारी. अॅक्शन डायरेक्टरला, म्हणजे सेटवरच्या भाषेत फाइट मास्टरला, पटकथा वाचायला द्यावी; केवळ फाइटची पाने देऊ नयेत. जागेतल्या कोणत्या वस्तू वापरायच्या, नायक कोणत्या क्षणी हरू लागतो आणि कशामुळे सावरतो, हे त्याच्याशी बोलून ठरवावे. प्रत्यक्षात ठोसा लागत नाही. दोघांत हातभर तरी अंतर राखले जाते. कॅमेरा मार खाणाऱ्याच्या खांद्यामागे ठेवला, लांब फोकल लेंथची, म्हणजे दूरचे जवळ आणून दाखवणारी, लेन्स लावली आणि मूठ चेहऱ्याच्या रेषेतून आडवी गेली, की ते अंतर चपटे होऊन नाहीसे होते. बाजूने पाहिले तर तेच अंतर उघडे पडते, म्हणून तालमीत कॅमेऱ्याच्या जागेवरूनच पाहावे. हालचालीला धार हवी असल्यास सेकंदाला २२ फ्रेमने टिपण्याची जुनी युक्ती आजही उपयोगी पडते; पडद्यावर वेग सुमारे ९ टक्क्यांनी वाढतो. त्याहून फार खाली गेल्यास माणसे बाहुल्यांसारखी हलू लागतात. ठोसा विकला जातो तो मार खाणाऱ्याच्या मानेच्या झटक्यामुळे, मारणाऱ्याच्या जोरामुळे नव्हे. म्हणून स्टंट कलाकारांच्या निवडीत आणि मानधनात काटकसर करू नये.

मी सहायक असताना दोन दिवस चाललेल्या एका फाइटमध्ये पहिल्या दिवशी नायकाच्या उजव्या हाताला जखम रंगवली होती आणि दुसऱ्या दिवशी ती डाव्या हाताला गेली. हे संकलनाच्या टेबलावर लक्षात आले आणि सर्वांत देखणा शॉट टाकून द्यावा लागला. तेव्हापासून प्रत्येक टेकनंतर हात, चेहरा आणि कपडे यांची छायाचित्रे काढल्याशिवाय मी पुढचा शॉट लावू देत नाही.

उंचीवरच्या उडीसाठी हार्नेस आणि दोर, काच फोडायची असल्यास खास त्यासाठी बनवलेली ठिसूळ काच, आणि सेटवर रुग्णवाहिका, यांत कसलीही तडजोड नको. घोडे किंवा इतर प्राणी वापरायचे असतील तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी आधीच घ्यावी लागते. रस्त्यावर किंवा स्थानकावर चित्रीकरण असेल तर संबंधित यंत्रणेची परवानगी हातात आल्याशिवाय कलाकारांच्या तारखा पक्क्या करू नयेत.

सेन्सॉरचा विचार संकलनापर्यंत लांबवू नये. सिनेमॅटोग्राफ कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीनंतर ‘यूए’ प्रमाणपत्राचे, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या चित्रपटांच्या वर्गाचे, वयानुसार ७+, १३+ आणि १६+ असे तीन टप्पे झाले आहेत. ‘ए’, म्हणजे फक्त प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र, मिळाले तर चित्रपट त्या रूपात टीव्हीवर दाखवता येत नाही, आणि निर्मात्याच्या हिशेबात हा मोठा खड्डा असतो. म्हणून हिंसेची पातळी लेखनाच्या वेळीच ठरवावी, आणि रक्त दिसणाऱ्या शॉटसोबत रक्त न दिसणारा एक पर्यायी शॉटही घेऊन ठेवावा. ‘शोले’च्या मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार मारतो, आणीबाणीच्या काळात सेन्सॉरने त्यावर आक्षेप घेतल्यामुळे पोलीस येऊन त्याला वाचवतात असा शेवट नव्याने चित्रित करावा लागला.

संकलनात फाइट आधी पूर्णपणे आवाज बंद करून पाहावी. कोण कुठे आहे आणि कोण जिंकतो आहे, हे नुसत्या चित्रांवरून कळत नसेल तर ढिशुमचे आवाज भरून ते कळणार नाही. मग आवाज चढवताना प्रत्येक ठोशाला सारखाच दणका देऊ नये. नायिकेचा चेहरा दिसतो त्या जागी पार्श्वसंगीत थांबवावे, मुठीचा आवाज बारीक करावा आणि तिचा श्वास तेवढा ऐकू येऊ द्यावा. राखून ठेवलेल्या त्या एका दिवशी टिपलेल्या शांत दृश्याची धून परत आणायची असेल, तर तिची जागा याच शांततेनंतर, पुढचा ठोसा पडण्याच्या आत आहे.