इंग्लिश वाक्यात ॲडव्हर्बची जागा बघून ठेवा

पणजी, कळंगुटच्या हॉटेलांत रिसेप्शनच्या इंटरव्ह्यूला जाणाऱ्या मुलांसाठी ही टीप आहे, पण कामाला सगळ्यांच्याच येईल. इंग्लिशमध्ये दोन क्रियापदं 'टू'ने जोडलेली असली की ॲडव्हर्ब (क्रियाविशेषण, म्हणजे क्रिया कशी, कधी झाली ते सांगणारा शब्द) कुठल्या क्रियापदाजवळ बसलाय ते आधी बघायचं, कारण जागा बदलली की अर्थच बदलतो. 'आय इमिजिएटली डिसायडेड टू कॉल द मॅनेजर' म्हटलं तर निर्णय लगेच झाला, फोन कधी करणार ते त्यात नाही, आणि 'आय डिसायडेड टू कॉल द मॅनेजर इमिजिएटली' म्हटलं की फोन लगेच करायचं ठरलं.

'नॉट' तर फारच सांभाळायला हवं. 'द गेस्ट डिडन्ट आस्क टू शेअर द टॅक्सी' म्हणजे त्याने टॅक्सी शेअर करायची विनंती केली नाही एवढंच, पण 'द गेस्ट आस्क्ड नॉट टू शेअर द टॅक्सी' म्हणजे शेअर नको असं तो स्पष्ट बोललाय, इथे चुकलात तर पाहुणा चिडणारच.

आणि 'टू' आणि क्रियापदाच्या मध्ये काही घालायचं नाही असं शाळेत शिकवतात ना, ते डोक्यातून काढा. 'टू रिअली अंडरस्टँड' एकदम बरोबर आहे, 'वी एक्स्पेक्ट टू मोअर दॅन डबल सेल्स' मधलं 'मोअर दॅन' तर दुसरीकडे कुठे नीट बसतच नाही.

शंका आली तर वाक्य मोठ्याने म्हणा, ॲडव्हर्ब एक जागा पुढे-मागे करून बघा आणि दोन्हींचा अर्थ मराठीत सांगून बघा.