वहाळावर गोण्यांचा बंधारा घालताय? आधी तळाचा पाला काढा

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी एप्रिल लागला की डोंगरातल्या वाड्या टँकरची वाट बघत बसतात, हे देशावरच्या पाहुण्यांना सांगितलं तर त्यांना आपण फेकतोय असं वाटतं. पण उतार उभा, जांभा दगड म्हणजे नुसती चाळण, पाणी पडलं तसं खाडीला गेलं. त्यातलं थोडं वहाळात, म्हणजे ओढ्यात, अडवायचं तर सगळ्यात स्वस्त उपाय वनराई बंधारा, म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, माती आणि वाडीतली माणसं.

एक आधीच सांगतो, देशावरचे व्हिडिओ बघून आपल्या उभ्या डोंगरात पाणी जिरवायला चर खणत सुटू नका. तिकडचा पाऊस वेगळा, आपला वेगळा, भिजलेली दरड खाली वाडीवर आली तर काय करणार?

भातकापणी उरकली की लागा, वहाळ गुडघ्याच्या खाली आलेला असतो. डिसेंबर उजाडला की मग बंधारा फोटोपुरताच. गोण्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा कृषी सहायक) विचारा नाहीतर जिथे घरं बांधतायत तिथून उचला. जागा अशी बघा की वहाळ अरुंद आहे, दोन्ही काठ घट्ट आहेत आणि खाली थोड्या अंतरावर वाडीची विहीर आहे.

आता तळ. इथेच सगळे फसतात आणि मीपण फसलो होतो. पहिल्या वर्षी आख्खी वाडी राबली, बायका, पोरं, दिवाळीला आलेले दोन चाकरमानी, नारळ फोडला, संध्याकाळी कमरेएवढं पाणी बघून सगळे खूश. सकाळी जाऊन बघतो तर बंधारा जागच्या जागी आणि पाणी गायब! खालून बुडबुड करत निघून गेलेलं. पावसाळाभर वाहून आलेला पाला, वाळू, गोटे तसेच ठेवून आम्ही त्यावर गोण्या रचल्या होत्या.

म्हणून पाणी आधी एका बाजूने वळवून घ्या आणि जिथे बंधारा बसणार तेवढी पट्टी कातळ किंवा घट्ट माती हाताला लागेपर्यंत साफ करा, फावड्याने वरवर नाही, खाली बसून हाताने. काळा कुजका पाला बोटाला लागतोय तोवर काम संपलेलं नाही. दोन्ही काठांतसुद्धा हातभर आत खणा, कारण तिथे खेकड्यांची बिळं असतात आणि एका बिळातून रात्रभरात किती पाणी जातं ते ज्याच्या शेताचा बांध फुटलाय त्याला विचारा. बिळात चिकणमातीचे गोळे कोंबा, काठीने ठोका.

मग गोण्यांच्या दोन भिंती, मध्ये दीड-दोन फूट जागा, आणि त्या जागेत ओली चिकणमाती थराथराने टाकून पायाने तुडवायची. पाणी ही माती अडवते, गोण्या फक्त तिला धरून ठेवतात. लोक म्हणतात एकच रांग पुरते, वाळू भरली तरी चालतं. नाही चालत, वाळूच्या गोणीतून पाणी आरामात जातं. गोणी पाऊणच भरा, तोंड शिवा, गच्च भरलेली गोणी दगडासारखी गोल राहते आणि फटी पडतात. विटांसारखे सांधे चुकवून रचा, वर पायाने दाबा.

सांडवा, म्हणजे जादा पाणी वरून जायची वाट, ठेवा, मध्ये दोन गोण्या कमी.

दुसऱ्या दिवशी साठलेल्या पाण्यावर मूठभर भाताचा कोंडा टाकून गप्प उभे राहा. जिथे गळतंय तिकडे कोंडा हळूहळू सरकतो आणि गोल फिरत खाली ओढला जातो. तिथे आतल्या बाजूने चिकणमाती दाबायची. बाहेरून लिंपत बसणारे पुष्कळ बघितलेत, उगाच मेहनत.

मग कुळीथ, वाल, काकडी, नवीन लावलेल्या काजूला महिनाभर जास्त पाणी, ज्याला जे हवं ते करा. फक्त वरच्या डोंगराला वणवा लागू देऊ नका, गवत वाळायच्या आत जाळपट्टा, म्हणजे आग अडवणारी साफ पट्टी, मारून घ्या, नाहीतर राख आणि उघडी माती पहिल्याच पावसात वहाळात उतरते.

आणि मे संपायच्या आत गोण्या काढा. उन्हाने त्यांचा भुगा होतो, जूनच्या पहिल्या पुरात तो खाडीत जातो आणि मग जाळ्यात माशांबरोबर निळे-पांढरे धागे येतात. माती काठावर रिकामी करा, धड गोण्या धुवून मांगरात, म्हणजे शेतातल्या खोपटात, ठेवा, पुढच्या वर्षी निम्म्या तरी कामाला येतात.