पवनचक्की आणि सौर पॅनेल एकाच बॅटरीला कसे जोडावेत

सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी, वनकुसवडे अशा पठारांवर पावसाळ्यात पॅनेल ढगांखाली निस्तेज होतात आणि नेमका तेव्हाच वारा सर्वांत जोराचा असतो. तिथे ही दुहेरी जोडणी खरोखर उपयोगी पडते. शहरातील गच्चीवर मात्र छोटी पवनचक्की बसवू नये. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की त्यातील शक्ती एक अष्टमांश उरते, आणि ही गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत.

पॅनेल दक्षिणाभिमुख, सुमारे 18 अंशांच्या उतारावर आणि सावलीबाहेर बसवावेत. पवनचक्कीचे पाते आसपासच्या झाडांपेक्षा व छपरांपेक्षा निदान 9 मीटर वर फिरले पाहिजे.

साठवणुकीसाठी 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासांच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या एकसरीत जोडून 24 व्होल्ट करावेत. हिशेबाने साठा 3,600 वॅट-तासांचा होतो, पण रोज त्यातील निम्माच वापरावा.

खरी अडचण चार्ज कंट्रोलरची, म्हणजे बॅटरीत जाणारी वीज आवरणाऱ्या उपकरणाची आहे. बॅटरी भरली की सौर कंट्रोलर पॅनेलची वाट बंद करतो आणि त्याने पॅनेलचे काहीच बिघडत नाही. पवनचक्कीची वाट तशी बंद केली, तर तिच्यावरचा भार सुटतो आणि पाती बेफाम फिरू लागतात. माझ्या पहिल्या जोडणीत मी पॅनेल आणि पवनचक्की या दोन्हींच्या तारा एकाच सौर कंट्रोलरला दिल्या होत्या. जुलैतील एका रात्री बॅटरी भरली, भार सुटला आणि पहाटे एक पाते मुळाशी तडकलेले आढळले. ते खाली कोणाच्या अंगावर पडले नाही, हे केवळ नशीब. म्हणून एकाच कंट्रोलरवर दोन्ही चालवण्याचा सल्ला कोणीही दिला, तरी तो मानू नये.

पवनचक्कीला स्वतंत्र कंट्रोलर हवा, आणि बॅटरी भरल्यावर उरलेली वीज उष्णतेच्या रूपाने जिरवणारा रेझिस्टर, म्हणजेच डंप लोड, त्या कंट्रोलरच्या पवनचक्कीकडील बाजूस हवा. तो बॅटरीकडील बाजूस असेल, तर बॅटरीचा फ्यूज उडताच पवनचक्की पुन्हा मोकळी सुटते. डंप लोडची क्षमता पवनचक्कीच्या कमाल उत्पादनापेक्षा जास्त ठेवावी. 500 वॅटच्या चक्कीसाठी मी 2.4 ओहमचे दोन रेझिस्टर समांतर जोडतो; बॅटरी भरत आल्यावरच्या 28.8 व्होल्टला ते मिळून 24 अँपिअर, म्हणजे जवळपास 690 वॅट खेचतात. प्रत्येक रेझिस्टर निदान 500 वॅटचा घ्यावा आणि लाकडापासून दूर, जाळीच्या लोखंडी पेटीत बसवावा, कारण तो हात भाजण्याइतका तापतो.

जोडण्याचा क्रमही चुकवू नये. कंट्रोलरला आधी बॅटरी, नंतर डंप लोड आणि शेवटी पवनचक्की जोडावी. सोडवताना नेमके उलटे करावे. सोडवण्यापूर्वी पवनचक्कीच्या तिन्ही तारा ब्रेक स्विचने एकमेकींना जोडून पाती मंद करावीत. हे काम वारा पडलेला असतानाच करावे, कारण भर वाऱ्यात ब्रेक लावल्यास जनित्राची वेटोळी जळू शकतात.

सौर कंट्रोलर वेगळा ठेवून त्याच बॅटरीला जोडावा. इन्व्हर्टर थेट बॅटरीवर, फ्यूजसह बसवावा. बॅटरीतील पाण्याची पातळी दर महिन्याला पाहून फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे, आणि मे संपण्यापूर्वी डंप लोडची प्रत्येक जोडणी घट्ट आहे की नाही ते स्वतः हाताने तपासावे.