ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ टाकायचंय? सुरुवात अकाउंटंटपासून करा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तरी वागळे इस्टेटमधल्या गाळ्यांत, नौपाड्यातल्या सीएंकडे, वाशीच्या एपीएमसीत डोकावलं तर ते अजून खुशाल चालू असलेलं दिसतं. मशीन बंद पडत नाही, म्हणून कोणी मनावर घेत नाही. पण सुरक्षेचे अपडेट थांबलेत, आणि त्याच मशीनवरून नेटबँकिंग आणि जीएसटी दोन्ही चालतं.

विंडोज टाकणं हे तसं काही तासांचं काम. ऑफिस अडतं ते हिशोबाचं टॅली, डिजिटल सहीचं टोकन (सही साठवलेला यूएसबी पेनड्राइव्हसारखा तुकडा) आणि प्रिंटरपायी. त्यामुळे तारीख ठरवताना कॉम्प्युटरवाल्याच्या आधी अकाउंटंटला विचारा. ७ तारखेला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीचं जीएसटीआर-१ रिटर्न, २० ला जीएसटीआर-३बी. तिमाही रिटर्नवाल्यांना २२ पर्यंत मुदत. त्यानंतरचा, पण पगारपत्रकाच्या आधीचा शनिवार धरा. एमआयडीसीत असाल तर त्या दिवशी देखभालीसाठी वीज बंद नाही ना, तेही विचारून घ्या. अपग्रेड अर्ध्यावर असताना वीज गेली तर निस्तरत बसावं लागतं. यूपीएसची बॅटरी खरंच तग धरते का, ते आधीच तपासा.

मशीन चालेल का?

मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ हे फुकट अ‍ॅप प्रत्येक मशीनवर चालवा. ढोबळमानाने इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा एएमडी रायझन २००० मालिकेचा प्रोसेसर, किंवा त्यापुढचा, लागतो. शिवाय सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय). रॅम कागदावर ४ जीबी पुरते. प्रत्यक्षात ८ च्या खाली जाऊ नका.

‘टीपीएम नाही’ असं आलं म्हणून लगेच नवीन मशीनचं कोटेशन मागवू नका. पुष्कळदा ते असतं, पण बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) बंद असतं: इंटेलमध्ये ‘पीटीटी’ आणि एएमडीत ‘एफटीपीएम’ या नावाने. मात्र बायॉसला हात लावण्याआधी बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते पाहा. असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, नाहीतर मशीन सुरू होताना तीच मागत बसेल.

प्रोसेसरच जुना असेल तर तपासणी चुकवून विंडोज ११ घालून देणारे भेटतील. ऑफिससाठी नको. अशा मशीनला पुढचे अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, मग उपयोग काय? त्यापेक्षा कंपन्यांसाठीचा वाढीव सुरक्षा सपोर्ट घ्या: पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. हिशोब केलात तर बहुतेक वेळा नवीन मशीनच परवडतं.

बॅकअप

टॅलीचा बॅकअप टॅलीतूनच घ्या, शिवाय डेटा फोल्डर वेगळा कॉपी करा. ‘डी’ ड्राइव्हवर ठेवला म्हणजे बॅकअप झाला असं नाही; डिस्क तीच असते. बाहेरची हार्ड डिस्क वापरा आणि त्यातल्या दोन-चार फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून पाहा. जुने मराठी फॉन्टही कॉपी करा. साधा अपग्रेड केलात तर ते राहतात, पण फॉरमॅट मारलं की जातात आणि मग जुनी पत्रं उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

आधी एकच मशीन

सगळ्यात कमी अडणारं मशीन निवडा. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये अपग्रेड आलं असेल तर तिथून, नाहीतर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरच्या इन्स्टॉलेशन असिस्टंटने. विंडोज १० अधिकृत असेल तर पैसे पडत नाहीत. मशीनवर ३२ बिटचं विंडोज १० असेल तर हा मार्ग चालत नाही. तिथे नव्यानेच टाकावं लागतं.

झालं की त्या मशीनवर खरं काम करून पाहा. एक बिल छापा. चलनाचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर कागद नीट ओढतो का, मजकूर रकान्यात बसतो का, पाहा. स्कॅनरने एक पान घ्या. मग सहीचं टोकन लावा. सही टोकनमध्येच असते, त्यामुळे ती पुसली जात नाही. फार तर ड्रायव्हर नव्याने टाकावा लागतो. टोकन ओळखलं जात नसेल तर आधी ड्रायव्हर बघा. पिन अंदाजाने पुन्हा पुन्हा टाकू नका. ठरावीक वेळा चुकली की टोकन लॉक होतं आणि मग सही देणाऱ्या कंपनीच्या मागे लागणं आलं.

आठवडाभर तक्रार आली नाही तर बाकीची मशीन घ्या, अकाउंटंटचं शेवटी. काही बिनसलं तर सेटिंग्जमधल्या ‘रिकव्हरी’तून दहा दिवसांच्या आत विंडोज १० वर परतता येतं, म्हणून तेवढ्यात डिस्क क्लीनअप करून जुनं विंडोज उडवू नका.

बाद झालेली मशीन भंगारवाल्याला देण्याआधी हार्ड डिस्क काढून घ्या. बाकीचं ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत संस्थेला द्या आणि पावती मागा.