घरात रोजची प्रार्थना कशी रुजवावी: सोलापूरच्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी

रविवारची उपासना न चुकवणारी, पण सोमवार ते शनिवार घरात एकत्र प्रार्थना होत नाही अशी कुटुंबं आपल्या मंडळ्यांमध्ये पुष्कळ आहेत. संडे स्कूलमध्ये मुलांना विचारलं, घरी प्रार्थना कोण घेतं, तर बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘आजी’. आजी गावाला गेली की प्रार्थनाही गावाला जाते. आईवडिलांचा विश्वास कमी आहे असं मला वाटत नाही. प्रार्थना म्हटलं की डोळ्यांसमोर घरसभा येते: सतरंज्या अंथरायच्या, पाळकसाहेबांना बोलवायचं, पेटी-तबला, तासभर संदेश, मग चहापोहे. हे रोज कोण करणार? रोजची प्रार्थना याहून फार लहान असते. ती कशी सुरू करावी आणि कशी टिकवावी, ते इथे सांगते.

आधी वेळ शोधा

अनुवाद 6:7 मध्ये आईबापांना सांगितलं आहे की या गोष्टी मुलांना घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना शिकवा. या चारही वेळा दिवसात आधीपासून आहेत. म्हणून नवीन वेळ काढायच्या मागे लागू नका. तुमच्या घरात सगळे किंवा निदान बहुतेक जण रोज कुठल्या वेळी एका जागी असतात, ते दोन-तीन दिवस नुसतं बघा.

सोलापुरात हे प्रत्येक घराचं वेगळं निघतं. वडील यंत्रमागावर रात्रपाळीला असतील तर रात्री नऊची प्रार्थना त्यांच्याशिवायच होणार. त्या घरात डबा भरून झाला आणि ते चप्पल घालायच्या आधीची पाच मिनिटं धरावीत. आई घरी विड्या वळत असेल तर दुपारी माल पोचवून आल्यावरची वेळ बरी. नळाला पाणी यायच्या दिवशी सकाळी कुणालाच श्वास घ्यायला फुरसत नसते, तेव्हा सकाळची वेळ ठरवणाऱ्यांनी त्या दिवसापुरती संध्याकाळ धरावी आणि हे आधीच ठरवून टाकावं. मे महिन्यात पारा 42-43 वर गेला की जेवणानंतर गच्चीवर जाणं होतंच, तिथेच बसा. बहुतेक घरांत रात्रीचं जेवण संपल्यावर, ताटं उचलायच्या आधीची वेळ सर्वात टिकते असं माझं निरीक्षण आहे. मुलं एकदा उठली की पुन्हा गोळा होत नाहीत.

पहाटे पाचला उठून सगळ्यांनी प्रार्थना करायची, असा निश्चय पहिल्या आठवड्यात करू नका. मार्क 1:35 मध्ये प्रभू येशू पहाटे अंधारातच उठून एकांतात प्रार्थनेला गेला, हे खरं. ज्यांना तसं उठता येतं त्यांनी स्वतःसाठी अवश्य उठावं. पण ते एकट्याचं आहे. शाळेच्या मुलांना ओढून उठवून सुरू केलेली कौटुंबिक प्रार्थना पंधरा दिवसांत भांडणाचा विषय होते.

जागेबद्दल फार सांगायला नको. चटई किंवा चादर अंथरा, टीव्ही बंद करा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. पवित्र शास्त्र शोकेसमध्ये काचेआड असेल तर ते बाहेर काढून लहानातल्या लहान मुलाचा हात पोचेल तिथे ठेवा. पानं मळली तर मळू द्या.

सात-आठ मिनिटांचा क्रम

एक कडवं, एक उतारा, एक प्रश्न, सगळ्यांची छोटी प्रार्थना, शेवटी प्रभूची प्रार्थना. एवढंच.

गाण्यासाठी ‘उपासना संगीत’मधलं एखादं पद घ्या आणि आठवडाभर तेच गा. शनिवारपर्यंत मुलांना ते पाठ होतं. नारायण वामन टिळकांचा 1895 साली बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगाच्या आणि पदांच्या चालीत आणली, म्हणून आपल्याला देवाशी आपल्या भाषेच्या लयीत बोलता येतं. हा आपला ठेवा मुलांपर्यंत पोचायला घरासारखी दुसरी जागा नाही. चाल चुकली तरी गात राहा.

उतारा पाच ते दहा ओव्यांचा पुरे. सुरुवातीला मार्कचं शुभवर्तमान घ्या. चारांत ते सर्वात छोटं, 16 अध्यायांचं, आणि त्यात घटना भराभर घडतात, त्यामुळे मुलं पुढे काय झालं ते विचारतात. रोज एक प्रसंग वाचला तर दोन-तीन महिन्यांत पुरं होतं. मग स्तोत्रसंहिता. नीतिसूत्रांचे 31 अध्याय आहेत, त्यामुळे आज जी तारीख तो अध्याय, त्यातल्या चार-पाच ओव्या, असंही करता येतं. डिसेंबरात लूकचं शुभवर्तमान घ्या: 24 अध्याय, 1 तारखेपासून रोज एक. मोठे अध्याय सकाळ-संध्याकाळ वाटून घ्या. नाताळच्या आदल्या रात्री तुम्ही पुनरुत्थानाच्या अध्यायावर पोचता. गोठ्यातलं बाळ कोण आहे, हे त्या रात्री मुलांना वेगळं सांगावं लागत नाही.

वाचन पाळीपाळीने होऊ द्या. जो अडखळत वाचतो त्याला मध्ये दुरुस्त करू नका. मग एकच प्रश्न: ‘यातलं तुला काय लक्षात राहिलं?’ उत्तर आलं नाही तरी चालेल. इथे प्रवचन देण्याचा मोह वडीलधाऱ्यांना फार होतो, तो आवरा. विशेषतः उताऱ्याचा रोख घरातल्या एकाकडे वळवू नका.

रोमन कॅथलिक घरांत जपमाळेची परंपरा आहेच. पूर्ण माळेला साधारण वीस मिनिटं लागतात. लहान मुलं असतील तर एकच दशक घ्या: एकदा ‘हे आमच्या बापा’, दहा वेळा ‘नमो मारिया’ आणि त्रैक्याचा गौरव. सोमवार आणि शनिवार आनंदाची रहस्यं (येशू आणि मारियेच्या जीवनातले मनन करायचे प्रसंग), मंगळवार आणि शुक्रवार दुःखाची, बुधवार आणि रविवार गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची, असा वार ठरलेला आहे. प्रकाशाची रहस्यं पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 मध्ये जोडली, त्यामुळे घरातल्या आजीला ती कदाचित पाठ नसतील. नातवंडांनी तिला शिकवावीत.

आपल्या शहरात एकाच घरात मराठी, तेलुगू आणि कानडी चालणं नवीन नाही. सुनेला ‘परलोकमंदुन्न मा तंड्री’ म्हणायची सवय असेल तर तिने तसंच म्हणावं, बाकीच्यांनी मराठीत. दोन्ही एकदम म्हटलं तरी काही बिघडत नाही.

मोठ्याने प्रार्थना करायला लाज वाटते तेव्हा

बहुतेक घरं इथे अडतात. मंडळीत पाळक आणि वडीलजन जशी प्रार्थना करतात तशी आपल्याला जमत नाही, म्हणून लोक गप्प बसतात आणि शेवटी एकच माणूस रोज प्रार्थना करतो. यावर उपाय म्हणजे एका वाक्याची प्रार्थना. गोल बसा, प्रत्येकाने एकच वाक्य म्हणायचं. पहिला आठवडा फक्त आभाराचं: ‘प्रभू, आज पाणी वेळेवर आलं, तुझे आभार.’ दुसऱ्या आठवड्यात त्याला विनंतीचं वाक्य जोडा. मग कबुलीचं: ‘प्रभू, आज मी दुकानात खोटं बोललो, मला क्षमा कर.’ कबुलीचं वाक्य आधी मोठ्यांनी म्हणायचं. वडिलांनी ते म्हटल्याशिवाय मुलं म्हणणार नाहीत, आणि त्यांनी म्हणावं अशी अपेक्षाही करू नये.

मुलं काहीही मागतात. कुणी शेळीच्या पायासाठी प्रार्थना करेल, कुणी क्रिकेटच्या मॅचसाठी. हसू नका, ‘असं मागायचं नसतं’ म्हणू नका. शेळीच्या पायासाठी देवाकडे गेलेलं मूल उद्या मोठ्या दुःखातही त्याच्याचकडे जाईल. किशोरवयीन मुलगा गप्प बसला तर बसू द्या. तो तिथे बसलाय एवढं खूप आहे. त्याच्या गप्प राहण्याबद्दल प्रार्थनेतून टोमणा तर मुळीच मारू नका.

शब्द सुचत नसतील तर स्तोत्रं उसनी घ्या, ती त्यासाठीच आहेत. 150 स्तोत्रांत मनाची अशी एकही अवस्था नाही जिला शब्द मिळालेले नाहीत. कुणी पुण्याला नोकरीच्या मुलाखतीला निघालं असेल तर 121. भीती वाटत असेल तर 46. हातून मोठी चूक झाली असेल तर 51. कृतज्ञतेने मन भरलं असेल तर 103. झोपायच्या आधी चौथ्या स्तोत्राची शेवटची ओवी, ती मुलांना दोन दिवसांत पाठ होते. आणि प्रार्थना करूनही काही बदलत नसेल तेव्हा 13. अवघ्या सहा ओव्यांचं हे स्तोत्र ‘किती वेळ?’ असं देवालाच विचारतं, पुन्हा पुन्हा विचारतं. माग बंद पडून घरात दोन महिने पगार आलेला नसताना ‘सगळं छान आहे, हालेलूया’ असं म्हणण्याची गरज नाही. देवापुढे रडगाणं गाणं हा अविश्वास असता तर ते पवित्र शास्त्रात आलंच नसतं.

भांडण झालेलं असताना

प्रभूने मत्तय 5:23-24 मध्ये सांगितलं आहे की वेदीपाशी अर्पण आणल्यावर आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. घरात तो ‘भाऊ’ समोरच्या चटईवर बसलेला असतो. म्हणून नवराबायकोचं सकाळी वाजलं असेल, सासू-सुनेचं बिनसलं असेल, तर गाणं सुरू करण्याआधी दोन शब्द बोलून घ्या. सगळा वाद मिटवायची गरज नाही, तेवढा वेळही नसतो. ‘सकाळी मी जास्त बोललो, माझं चुकलं’ एवढं पुरतं. मुलांवर विनाकारण ओरडला असाल तर मुलांचीही क्षमा मागा. आपल्याकडे वडिलांनी मुलांची माफी मागायची पद्धत नाही, ती ख्रिस्ती घरांनी पाडावी असं मला मनापासून वाटतं.

‘प्रभू, ह्याला सुबुद्धी दे’, ‘प्रभू, हिची जीभ आवर’ अशा प्रार्थना मोठ्याने करू नका. ते देवाला उद्देशून नसतं, शेजारी बसलेल्याला ऐकवलेलं असतं, आणि ज्याला ऐकवलं जातं त्याचं मन प्रार्थनेवरूनच उडतं. अशा विनंत्या एकांतात करा. तिथे बहुतेकदा आपल्यालाच सुबुद्धी मागावी लागते.

परीक्षेत मार्क कमी पडले तर ‘प्रार्थनेला बसत नव्हतास ना’ असंही म्हणू नका. आजारात प्रार्थना करा, घरच्यांनी डोक्यावर हात ठेवून करा, आणि डॉक्टरांची गोळीही वेळेवर द्या. औषध बंद करून विश्वास सिद्ध करायला प्रभूने कुणाला सांगितलेलं नाही.

दिवसभर

नहेम्याला राजाने विचारलं, तुझी काय विनंती आहे? त्याने मनात देवाची प्रार्थना केली आणि मग उत्तर दिलं (नहेम्या 2:4). मध्ये किती वेळ गेला असेल? एक श्वास. अशी प्रार्थना सात रस्त्याच्या चौकात गाडी थांबलेली असताना होते, बँकेच्या रांगेत होते, भाकरी थापताना होते. हाताला काम आणि तोंडाला पद ही जोडी विड्या वळणाऱ्या बायकांना वेगळी शिकवावी लागत नाही.

मुलं शाळेला निघताना डोक्यावर हात ठेवून ‘परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो’ एवढं म्हणा. गणना 6:24 मधले हे शब्द याजकांना दिलेले आहेत, पण ते मुलांसाठी मागायला आईवडिलांना कुणाची आडकाठी नाही. रिक्षावाला हॉर्न वाजवत असला तरी तेवढा वेळ असतो.

एक वही ठेवा. तारीख, कुणासाठी काय मागितलं आणि पुढे काय झालं. जे मिळालं नाही तेही लिहा. त्यात घराबाहेरची नावंही असू द्या: शेजारचे, कचऱ्याची गाडी घेऊन येणारे, शाळेतले शिक्षक, आपल्या गल्लीतले सगळ्या धर्मांचे लोक. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला सगळं शहर लोटतं, तेव्हा शहराच्या शांततेसाठी मागा. शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास होणार नाही हेही बघा, भिंती पातळ असतात.

खंड पडला तर

पडणारच. लग्नसराई, बारावीची परीक्षा, पाहुणे, दवाखाना. सुटलेल्या दिवसांची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी अर्धा तास बसवू नका. जिथे थांबला होता तिथून पुन्हा सात मिनिटं सुरू करा. घरात मृत्यू झाला असेल तर वाचन बाजूला ठेवा, काही दिवस फक्त प्रभूची प्रार्थना म्हणा, आणि रडू आलं तर रडा. आजोबा अंथरुणाला खिळलेले असतील तर सगळ्यांनी त्यांच्या खाटेजवळ जाऊन बसा. माणसं ओळखू न येणाऱ्या वृद्धांनाही पाठ असलेलं पद किंवा प्रभूची प्रार्थना बऱ्याचदा आठवते, त्यामुळे हळू म्हणा, त्यांना गाठता येईल एवढं.

मुलं पुण्या-मुंबईला किंवा बंगळुरूला गेली असतील तर आठवड्यातून एक दिवस फोनवर जोडून घ्या. वेळ त्यांना विचारून ठरवा, त्यांच्या शिफ्टा वेगळ्या असतात. त्या दिवशीचा उतारा सकाळीच मेसेजवर पाठवून ठेवा, आणि फोनवर त्यांनाच वाचायला सांगा. पगार किती, लग्नाचं काय, हे प्रश्न त्या फोनवर विचारू नका, त्यासाठी दुसरा फोन करा.