खळ्यातलं लग्न: झापांचा मांडव, सुरंगीचे वळेसार आणि पितळेची भांडी

घरच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, जुन्या पद्धतीने, हाताने केलेलं लग्न करायचं ठरलं की पहिली चर्चा पत्रिकेची आणि साडीची होते. कोकणात ती मांडवाची व्हायला हवी. पत्रिका महिनाभरात होते. झापांचा, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्यांचा, मांडव मात्र चुडतं (झावळ्या) गळण्याची वाट बघत जमवावा लागतो.

हिशेब असा. दीडशे माणसांचं लग्न, पंगत दोनदा बसणार, तर २० बाय ३० फुटांचा मांडव पुरतो. चुडत मधोमध चिरलं की दोन झाप होतात. विणलेला झाप पाच-सहा फूट लांब, दोन फूट रुंद भरतो. शाकारताना त्याचा अर्धा भाग वरच्या झापाखाली जातो, म्हणजे एक झाप जेमतेम ५ चौरस फूट झाकतो. ६०० चौरस फुटांना १२० झाप, म्हणजे ६० चुडतं. माडाचं साधारण महिन्याला एक चुडत गळतं. घरचे दहा माड असतील तर सहा महिने आधीपासून गोळा करायला लागा, नाहीतर शेजाऱ्यांना सांगून ठेवा. घाईने हिरवी चुडतं तोडू नका, पुढे नारळ कमी लागतात.

सुकं चुडत तसंच विणायला घेतलं तर पाती तुटतात. चिरलेले भाग दोन-तीन दिवस पाण्यात बुडवून ठेवा, वर दगड ठेवा आणि ओले असतानाच विणा. विणलेले झाप जमिनीवर रचले की वाळवी लागते, म्हणून पडवीत वाशांवर ठेवा.

खांब पोफळीचे किंवा बांबूचे, दोन-अडीच फूट जमिनीत पुरलेले. बांधायला सुंभच घ्या. नायलॉनची दोरी गुळगुळीत खांबावर घसरते, गाठ सैल होते आणि दुपारच्या वाऱ्यात सगळं छप्पर हलायला लागतं. पश्चिमेची बाजू झाप उभे लावून बंद करा, कारण दुपारी समुद्राकडचा वारा वाढला की समया टिकत नाहीत. सुका झाप क्षणात पेटतो. होमाच्या वर छप्पर मोकळं सोडा, विजेची वायर झापाला बांधू नका, पाण्याची दोन पिंपं भरून ठेवा. कंदील लटकवायचे असतील तर आत छोटे विजेचे दिवे घाला. आणि सजावटीसाठी टाळे (पानांच्या डहाळ्या) तोडण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारा. दोन्ही घरांच्या देवकाच्या झाडाला कोयता लागता कामा नये.

खळं करायला आठ-दहा दिवस राखून ठेवा. आधी खड्डे लाल मातीने भरून, पाणी मारून चोपण्याने चोपा. मग शेणाचे तीन-चार पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण सुकल्यावर पुढचा. एकाच वेळी जाड सारवलं की वरचा थर आधी सुकून आकसतो, भेगा पडतात आणि पंगतीला बसणाऱ्यांच्या कपड्यांना पोपडे चिकटतात. शेवटच्या हातात करवंटीच्या कोळशाची बारीक पूड मिसळली तर काळसर रंग येतो आणि त्यावर पांढरी रांगोळी फार खुलते.

तारीख ठरवताना पंचांगासोबत विहीर आणि फुलंही बघा. मेच्या उत्तरार्धात वळवाची भीती असते आणि विहिरी तळाला जातात. आमच्या मते मार्च सर्वांत चांगला. पाणी असतं, ओले काजू असतात, भाजीला कुयरी (कोवळा फणस) मिळते आणि सुरंगी फुललेली असते. सुरंगीच्या कळ्या उमलण्याआधी, पहाटेच काढाव्या लागतात. काढणारी माणसं आधीच सांगून ठेवा, कारण उंच झाडावर चढणारे आता मोजकेच उरलेत. अबोलीला वास नाही, पण ती दोन दिवस टवटवीत राहते, म्हणून आदल्या दिवशी करायचे वळेसार (गजरे) अबोलीचे आणि लग्नाच्या दिवसाचे सुरंगीचे करा. सोनचाफा मांडवात वापरू नका, हात लागेल तिथे काळा पडतो. गुंफायला ओल्या केळीच्या सोपटाचा दोरा घ्या. तो ओल धरतो आणि देठ कापत नाही.

फुलांच्या मुंडावळ्यांना एका माणसासाठी मोगऱ्याच्या शंभरेक कळ्या लागतात: कपाळावरची पट्टी आणि दोन्ही बाजूंना दीड-दीड फुटाचे सर. कळ्या संध्याकाळी काढून रात्रीच ओवा आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. सकाळपर्यंत त्या अर्धवट उमलतात. जड फुलं घातली तर पट्टी डोळ्यांवर उतरते.

आजीची नऊवारी नेसायची असेल तर महिनाभर आधी ट्रंकेतून काढून सावलीत पसरा. रेशीम घडीवरच विरतं. घडीची जागा दोन बोटांत धरून हलकेच ताणा. तंतू सुटले तर ती साडी नेसण्याजोगी राहिलेली नाही. मग तिचा अंतरपाट करा: शाबूत भागातून दीड बाय एक मीटर, मागून मलमलचं अस्तर, मधे कुंकवाचं स्वस्तिक. अस्तर नसेल तर प्रकाशात पलीकडचा चेहरा दिसतो, आणि अंतरपाटाचा अर्थच जातो.

अक्षतांसाठी माणशी २५ ग्रॅम, म्हणजे पावणेचार किलो तांदूळ पुरतात. कुंकवात पाणी घालून रंगवल्या की ओल्या अक्षता साड्यांवर डाग पाडतात. किलोला एक चमचा हळद आणि थेंब-दोन थेंब तेल चोळून सावलीत सुकवा.

पत्रिकेसाठी सावंतवाडीच्या गंजिफाचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळाच्या पत्त्यांचा, गोल आकार घ्यावा. दशावतारी गंजिफाचे १२० गोल पत्ते असतात, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा. तिथल्या कलाकाराकडून एकच पत्ता हाताने रंगवून घ्या आणि तो छापा. दीडशे पत्ते रंगवायला सांगितले तर वेळही जाईल आणि कलाकाराच्या हाताची नजाकतही.

जेवणात सगळ्यांत मोठी चूक भांड्यांची होते. माळ्यावरची पितळी पातेली, तांब्याचे हंडे चकचकीत घासून हौसेने काढले जातात. आत कल्हई नसेल तर त्यांत आमसुलाचं काहीही ठेवू नका. आंबटाने धातू उतरतो, चव कडवट होते, माणसं आजारी पडू शकतात. कल्हईवाला शोधायला वेळ लागतो, तेव्हा भांडी दोन महिने आधी तपासा. सोलकढी स्टीलमध्येच करा. दीडशे वाट्यांना, प्रत्येकी १५० मिली धरून, साडेबावीस लिटर. एका नारळाचं पहिलं-दुसरं मिळून पाऊण लिटर दूध निघतं, म्हणजे तीस नारळ. आगळ (कोकमाचा घट्ट रस) अगदी शेवटी घाला आणि नंतर गरम करू नका, फाटते. मुहूर्त सकाळचा असेल तर नारळ पंगतीच्या दोन तास आधी खवायला घ्या, कारण मार्चच्या दुपारी दूध लवकर आंबतं.

केळीची पानं माणशी एक आणि वर वीस जादा. टोक जेवणाऱ्याच्या डावीकडे. पान चिरत असेल तर निखाऱ्यावरून एकदा फिरवा, मऊ पडतं.

मांडव उतरवताना सुंभ कापू नका, सोडा. झाप मोजून पडवीत रचून ठेवा, जूनमध्ये पागोळ्या आत येऊ नयेत म्हणून पडवीला लावायला तेच लागतात.